दात सरकतो कसा आणि दुखतो का?

वेडेवाकडे दात सरळ करण्यासाठी बसवलेल्या तारा तुम्ही पाहिल्या असतील. हल्ली काहींच्या दातांवर तारेऐवजी पारदर्शक प्लॅस्टिकचा साचा असतो. त्याला अलाइनर म्हणतात. माझी पुतणी नववीत आहे. नवा साचा बसवला की दोन दिवस तिला भाकरी चावता येत नसे. मग ती शाळेत साचा काढून डबीत ठेवी आणि रात्री पुन्हा बसवी. रात्री मात्र दात अधिकच ठणके. "काका, काढला की बरे वाटते, मग घातल्यावर जास्त का दुखते?" असे तिने विचारले. या प्रश्नाचे उत्तर तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आहे!

दात म्हणजे भिंतीतला खिळा नव्हे

दाताचे मूळ जबड्याच्या हाडात घट्ट रुतलेले असते, असे आपल्याला वाटते. वास्तविक मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचे एक पातळ अस्तर असते. त्याची जाडी सुमारे ०.२ मिलिमीटर. त्यात सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि संवेदना नेणारे मज्जातंतू असतात. दाताला एका बाजूने रेटले की पुढच्या बाजूचे अस्तर दबते आणि मागच्या बाजूचे ताणले जाते. दबलेल्या बाजूला काही पेशी हाड विरघळवू लागतात, तर ताणलेल्या बाजूला दुसऱ्या पेशी नवे हाड रचतात. अशा रीतीने दात हाडातून वाट काढतो.

या कामासाठी शरीर जी रसायने तयार करते, त्यांपैकी प्रोस्टाग्लँडिन हे रसायन मज्जातंतूंना हळवे बनवते. म्हणून साचा घातल्यानंतर काही तासांनी ठणका सुरू होतो, साधारण एका दिवसाने तो सर्वांत जास्त असतो आणि बहुधा आठवडाभरात ओसरतो.

जास्त बल, जास्त वेग?

मग दुप्पट जोर लावला तर दात दुप्पट वेगाने सरकेल का? नाही. ऑस्ट्रियातील दंतवैद्य श्वार्झ यांनी १९३२ साली सुचवले की दाताच्या मुळावरील दाब दर चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम वजनाइतकाच असावा. पाऱ्याची घनता १३.६ धरून २६ ला भागा. उत्तर येते १.९ सेंटिमीटर, म्हणजेच पाऱ्याचे १९ मिलिमीटर. केशवाहिन्यांतील रक्ताचा दाबही साधारण एवढाच असतो! याहून फार अधिक दाब दिला तर त्या वाहिन्या मिटतात, तेथील पेशी मरतात आणि तो भाग साफ होईपर्यंत दात अडून राहतो. दुखणे वाढते, काम मात्र थांबते.

म्हणूनच एक साचा दाताला सुमारे पाव मिलिमीटरच सरकवतो. वहीची तीन पाने एकावर एक ठेवा, जवळजवळ तेवढेच अंतर! एक किंवा दोन आठवड्यांनी पुढचा साचा येतो.

पुतणीच्या प्रश्नाचे उत्तर

साचा दाताच्या पुढच्या जागेच्या मापाने बनवलेला असतो. तो घातला की प्लॅस्टिक थोडे ताणले जाते आणि मूळ आकारात येण्यासाठी दाताला रेटते. ताण जितका जास्त, तितके बल जास्त. दात सरकू लागला की हा ताण कमी होतो. शिवाय प्लॅस्टिक स्वतःही सैलावते. कपडे वाळत घालण्याची नायलॉनची दोरी आज घट्ट बांधली तरी उद्या ढिली पडते, तसेच हे. परंतु साचा काढून ठेवला तर दात मागे येऊ लागतो. पुन्हा घालताना अंतर वाढलेले असते, बलही वाढते आणि ठणका नव्याने सुरू होतो. म्हणून साचा दिवसातून २० ते २२ तास घालावा लागतो.

मग करायचे काय?

१. नवा साचा रात्री झोपताना घाला. पहिले काही तास झोपेत जातील.
२. साचा नीट बसला नाही तर दाब मोजक्या ठिकाणी एकवटतो. दंतवैद्य देतात ती रबरासारखी मऊ नळी थोडा वेळ चावा, म्हणजे तो सर्वत्र टेकेल.
३. साच्याची कड गालाला टोचत असेल तर दंतवैद्याकडील मऊ मेण तिच्यावर लावा. क्षेत्रफळ वाढले की दाब घटतो. कड घासून घेण्याचे काम मात्र दंतवैद्याचेच.
४. पहिले दोन दिवस वरणभात, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी असे मऊ अन्न खा. गार पाण्यानेही आराम पडतो.
५. साचा तोंडात असताना गरम चहा पिऊ नका. उष्णतेने प्लॅस्टिकचा आकार बिघडतो.
६. वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नका. आयबुप्रोफेनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिन रोखतात. त्यामुळे दात सरकण्याचा वेग मंदावतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. म्हणून पुष्कळ दंतवैद्य पॅरासिटामॉल सुचवतात.

दात किंचित हलणे स्वाभाविक आहे. पण आठवड्यानंतरही दुखणे कमी होत नसेल, किंवा हिरडी सुजली असेल, तर दंतवैद्याला जरूर दाखवा.

करून पाहा

फाइलच्या प्लॅस्टिक आवरणाच्या सारख्या दोन पट्ट्या कापा. त्या धनुष्यासारख्या वाकवून प्रत्येकी दोन जड पुस्तकांमध्ये अडकवा. एक सावलीत ठेवा, दुसरी उन्हात. दोन तासांनी काढून त्यांचा बाक मोजा. कोणती पट्टी अधिक वाकडी राहिली? आता सांगा पाहू, धुतलेला साचा उन्हात का वाळवू नये?