गॅस, पेशन्स आणि वरचे वीस रुपये

१. जास्तीचे आलेले पैसे परत करावेत आणि चालू लागावं.

आमची भाजीवाली मावशी घाईत असली की हिशेबाला चुकते. मेथीची जुडी, आलं, अर्धा किलो भेंडी, पन्नासची नोट दिली होती की शंभरची, या गोंधळात कधीतरी वीस रुपये जास्तीचे हातात येतात. मी ते परत करते. ती आभार वगैरे मानत नाही. नोट गोणपाटाखाली सारते आणि पुढच्या बाईला ‘बोला ताई’ म्हणते. माझा खरा ताप घरी येताना सुरू होतो. परत केले ते सचोटी म्हणून, की ती मला चेहऱ्याने ओळखते म्हणून? उद्या पुन्हा तिच्यासमोरच पिशवी धरायची आहे म्हणून? परगावच्या एसटी स्टँडवर अनोळखी फळवाल्याने असेच दिले असते आणि गाडी सुटायला आली असती, तर मी उतरले असते का?

या प्रश्नांवर मी चांगल्या चांगल्या संध्याकाळी नासवल्या आहेत. शेवटी एवढंच कळलं, की वीस रुपये गोणपाटाखाली पोचले. माझ्या मनात तेव्हा काय चाललं होतं, याच्याशी मावशीला काही देणंघेणं नाही.

२. गॅस बंद करताना वार उच्चारावा.

जिना उतरून रिक्षात बसलं, की ‘गॅस बंद केला ना?’ हा प्रश्न माझ्या शेजारी येऊन बसतो. कुलूप ओढून पाहिलेलं असतं, तरी हात पुन्हा ओढल्यासारखा वाटत राहतो. यात बावळटपणा नाही. जे काम आपण रोज त्याच हाताने, त्याच वेळी करतो, त्याची वेगळी आठवण राहतच नाही. कालचा गॅस आणि आजचा गॅस एकमेकांत मिसळून जातात. उपाय मला रेल्वेकडून मिळाला. मेल-एक्स्प्रेसच्या इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक येणारा प्रत्येक सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात, हातवारे करून. जपानमधले रेल्वे कर्मचारी तर एकटे असले तरी बोट दाखवून स्वतःशीच मोठ्याने बोलतात. तेव्हापासून मी रेग्युलेटर फिरवताना ‘गॅस बंद, गुरुवार’ असं खणखणीत म्हणते. वार महत्त्वाचा, नाहीतर आवाजाचीही सवय होते. शेजारच्यांना वाटतं, मी उपास मोजते आहे.

३. प्रत्येकाची एक फट असते. ती बुजवायला जाऊ नये.

माझी आत्या दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसला, की चटई टाकून पेशन्स लावायची. सात रांगा, पहिलीत एक पान, दुसरीत दोन, असं करत अठ्ठावीस पानं खाली आणि चोवीस हातात. पत्ते इतके जुने, की चौकटच्या गुलामाचा कोपरा दुमडलेला होता आणि तो पालथा असला तरी ओळखू यायचा. डाव अडला, की आत्या इकडेतिकडे न बघता खालचं हवं ते पान सरळ उपसून काढायची आणि वर लावायची. मी लहान होते, हरकत घ्यायचे. ती म्हणायची, ‘यात कोणाचं काय जातंय गं?’ आणि सत्तीवर छक्की ठेवायची.

हीच बाई शेजारून वाटीभर साखर उसनी आणली, तर परत करताना वाटीला शीग लावून द्यायची. वाण्याच्या वहीत चूक झालेली असली, आणि ती आपल्या फायद्याची असली, तर उन्हातून परत जाऊन दुरुस्त करून यायची. काकांना औषधाच्या गोळीबद्दलही कधी खोटं सांगितलं नाही. सगळा लबाडपणा तिने त्या बावन्न पानांत नेऊन ठेवला होता.

पुढे मी नोकरीला लागले आणि आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले, तेव्हा पडद्यावर हाच डाव भेटला. मायक्रोसॉफ्टने १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअर दिला. लोकांच्या हाताला माउसची, पान धरून ओढून ठेवण्याची सवय व्हावी, हाही हेतू त्यात होता. तो लिहिणाऱ्या वेस चेरी या इंटर्नने आत एक कळ ठेवली होती. साहेब आला की ती दाबायची, पडद्यावर कामाचा तक्ता दिसायचा. कंपनीने ती काढायला लावली. माझ्या मते काढायला नको होती. त्या कळीविना आम्ही सगळ्यांनी साहेबाच्या पावलांचा आवाज ओळखायला शिकण्यात किती वेळ घालवला, त्याचा हिशेब कुठे लागत नाही.

मला मात्र फ्रीसेल जास्त आवडायचा. त्यात सगळी पानं पहिल्यापासून उघडी असतात. नशिबाला बोल लावायची सोयच नाही. त्यातले मूळचे डाव बत्तीस हजार आणि त्यांपैकी फक्त एक, क्रमांक ११९८२, सुटत नाही. हे कळेपर्यंत मी प्रत्येक अडलेला डाव आपल्याच बुद्धीचा दोष मानत होते. कळल्यावर प्रत्येक अडलेला डाव तोच असणार असं वाटायला लागलं.

४. शब्दकोड्याचं उत्तर उलटं छापलेलं असतं. पेपर फिरवायचा नाही.

मान फिरवली तर चालते. हत्तीला हाकण्याचं साधन, तीन अक्षरी. इतकं सोपं असतं तेव्हा कोणीच फिरवत नाही, त्यामुळे या नियमाची परीक्षा क्वचितच होते.

५. लेडीज डब्यात नीतिशास्त्राचा पूर्ण अभ्यासक्रम होतो.

डोंबिवलीहून रोज जाणाऱ्या बाईला वेगळी प्रवचनं ऐकावी लागत नाहीत. आत शिरल्या शिरल्या बसलेल्या बायकांना ‘कुठे?’ विचारायचं. ‘घाटकोपर’ म्हणाली की ती सीट आपली. तोंडी करार, साक्षीदार सगळा डबा, आणि तो मोडलेला मी फार कमी वेळा पाहिला. पण त्याच करार पाळणाऱ्या बायका सीटसाठी उलट्या कल्याणला जाऊन बसून येतात आणि डोंबिवलीला चढणाऱ्यांच्या नजरेला नजर देत नाहीत. चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेल्या बाईला ‘अजून जरा सरका’ म्हणता येतं. तिसऱ्या सीटवर ऐसपैस बसलेल्या बाईला म्हणता येत नाही. का, ते मला आजवर कळलेलं नाही.

मुंबईच्या उपनगरी स्टेशनांना फाटकं नाहीत. तिकीट काढलं की नाही, हे बहुतेक दिवशी कोणी विचारतच नाही. टीसीने पकडलं तर कमीत कमी २५० रुपये दंड आणि वर भाडं. मध्ये काही वर्षं कूपनं होती, तीही आपणच मशीनमध्ये घालून छापून घ्यायची. एवढा विश्वास सरकार दुसऱ्या कुठल्याही खात्यात आपल्यावर टाकत नाही. आणि यातली मजा अशी, की कधीच तिकीट न काढणारी बाई पुलावर टीसीच्या अंगावरून निवांत जाते. घाम फुटतो तो जिचा पास काल रात्री संपला आणि लक्षात राहिलं नाही तिला. टीसी चेहरे बघून पकडतो. त्यामुळे दंड भरणाऱ्यांत विसराळू सज्जनांचं प्रमाण बरंच असावं, असा माझा वहीम आहे.

डब्यातली मुख्य करमणूक म्हणजे त्या दिवशी न आलेल्या बाईबद्दल बोलणं. मटार सोलता सोलता तिची सून, तिचं प्रमोशन, तिची नवी पर्स, सगळं निघतं. मी त्यात नव्हते असं म्हटलं तर माझ्या ग्रुपमधल्या बायका हे वाचून हसतील. निंदेमुळे मन मलिन होतं वगैरे खरं असेल. पण आमच्या ग्रुपमध्ये भर जुलैच्या पावसातही कोणी दांडी मारत नसे, त्याचं श्रेय दुसऱ्या कशाला देता येत नाही.

६. रात्री अडीच वाजता स्वतःची उलटतपासणी घेऊ नये.

साक्षीदार झोपलेले असतात आणि वकील कोणी नसतो. एका लग्नात मी चुलतजावेला तिच्या साडीवरून काहीतरी बोलून गेले. म्हणजे, बोलून गेले असं मला वाटलं. ‘हा रंग तुला आता शोभतो’ असं वाक्य होतं, आणि त्यातला ‘आता’ मला कितीतरी रात्री टोचत राहिला. शेवटी धीर करून तिला फोन केला. तिला साडीचं काही आठवतच नव्हतं. पण, ती म्हणाली, पंगतीत तुम्ही माझ्या मुलाच्या नोकरीबद्दल विचारलंत ना वहिनी, सगळ्यांसमोर, ते मात्र लागलं. हे मी विचारल्याचं मला स्वप्नातही आठवत नव्हतं.

म्हणजे माझं मन रात्रभर पहारा देत होतं ते नेमकं चुकीच्या दारावर. स्वतःबद्दल शंका असणं वाईट नाही, पण तिला पत्ता बरोबर सापडतो या समजात राहू नये. तेव्हापासून मी शंका आली की फोन करते. दोन मिनिटांचं काम असतं, फक्त रात्री अडीचला करता येत नाही.

७. सापशिडीत नातवाला जिंकू द्यावं का, हा प्रश्नच चुकीचा आहे.

जिंकू देणं आपल्या हातात नसतं. फासा पडेल ते दान. नातू मात्र हुशार. सापाचं तोंड पुढे दिसलं, की उभ्या असलेल्या घरापासूनच ‘एक’ मोजायला लागतो आणि सापाच्या अलीकडे थांबतो. त्याच्या आईला हे चालत नाही. मला आत्या आठवते आणि मी गप्प बसते.

आपल्याकडे या खेळाची जुनी रूपं होती, ज्ञानचौपड म्हणा, मोक्षपट म्हणा. मोक्षपट परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जातो. पटावरच्या घरांना नावं असत. शिडीच्या पायथ्याशी दया, भक्ती अशा गोष्टी आणि सापाच्या तोंडाशी लोभ, मत्सर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला, आणि पुढे आपल्या दुकानांत मिळायला लागला तो नुसत्या आकड्यांचा.

नावांच्या पटाबद्दल एक गोष्ट मला बरेच दिवस खटकत होती. दयेच्या घरावर पोचायला खेळणारा काही दया करत नाही, त्याला फक्त तीन पडतात. मग यात पुण्य कसलं? आता वाटतं, पट करणाऱ्यांना माणसं नीट माहीत होती. मी मावशीचे वीस रुपये परत करते, कारण वीस रुपयांवाचून माझी कधी अडचण झाली नाही. वडिलांनी शिकवलं, नोकरी लागली, पेन्शन बसली. मला तीन पडले. जिला सतत सापाच्याच घरावर उभं राहावं लागलं, तिने ती नोट पदराच्या गाठीला बांधली तर मी तिच्याकडे कुठल्या उंचीवरून बघणार? ही शिडी मी चढले ती माझ्या पायांनी, असं म्हणायला माझी जीभ जरा अडखळते. नातवाला यातलं काही सांगितलेलं नाही. तो सध्या अठ्ठ्याण्णवच्या सापाशी झगडतो आहे.

८. औदार्य आपल्या खिशातून करावं.

फेब्रुवारी १९८०, वानखेडे. भारतीय क्रिकेट बोर्डाच्या सुवर्णमहोत्सवाची कसोटी, समोर इंग्लंड. मध्ये एक दिवस खग्रास सूर्यग्रहण म्हणून खेळाला सुट्टी होती. आईने त्या दिवशी खिडक्या लावून घेऊन आम्हाला आत डांबलं होतं, त्यामुळे हा सामना माझ्या पक्का ध्यानात आहे. इंग्लंड ५ बाद ५८ असं अडचणीत आलं आणि इयान बोथमच्या जोडीला यष्टिरक्षक बॉब टेलर होता. पंचांनी टेलरला झेलबाद दिलं. टेलरला ते मान्य नव्हतं. आपला कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ स्लिपमध्ये उभा होता, त्यालाही चेंडू बॅटला लागलाय असं वाटलं नाही. त्याने टेलरला परत बोलावलं. बोथम आणि टेलर यांनी १७१ धावांची भागी केली, बोथमने ११४ काढल्या, शिवाय सामन्यात १३ बळी घेतले. आपण दहा गडी राखून हरलो.

आमच्या घरात यावर दोन तट पडले ते आजतागायत आहेत. वडील म्हणायचे, असा माणूस होणे नाही. लग्नानंतर कळलं, की आमच्या ह्यांचं मत नेमकं उलट आहे. मी वडिलांच्या बाजूची, पण एक खोच मनात राहिलीच. विश्वनाथला जे दिसलं ते त्याने पाळलं, तिथे माझा मुजरा आहे. मात्र त्याने सोडलेली विकेट एकट्याची नव्हती. गोलंदाजाची होती, उरलेल्या दहा जणांची होती. त्यांना कोणी विचारलं होतं का? यावर वडील एवढंच म्हणायचे, की विचारायला गेला असता तर तो विश्वनाथ राहिला नसता. हे उत्तर मला पटतं आणि पुरत नाही.

गंमत पुढेच आहे. विश्वनाथवर मॅच घालवल्याचा ठपका ठेवणारे आमचे हे स्वतः मात्र चारचौघांत भलतेच दिलदार होतात. ‘चकल्या ना? आमची ही करून देईल की!’ ‘पाहुणे इकडेच उतरू देत.’ वेळ माझा, हात माझे, भाजणीही मीच दळून आणायची. आता आमच्याकडे याला ‘विश्वनाथ करणं’ म्हणतात. बिचाऱ्या विश्वनाथवर हा अन्याय आहे, पण शब्द रुळला.

गेल्या गणपतीत सोसायटीच्या मीटिंगमधून हे हसतमुख घरी आले आणि बूट काढता काढता म्हणाले, की सगळ्यांसाठी उकडीचे मोदक आपल्याकडून, मी हो म्हणून आलोय. मी तांदळाची पिठी, नारळ आणि गूळ ओट्यावर काढून ठेवला आणि म्हटलं, वळायला बॉब टेलरला बोलवा.