थंडीत माशांवर लाल चट्टे दिसले तर लपवू नका

दिवाळीनंतर पाणी गार पडलं की निपाणी, चिकोडी भागातल्या आपल्या तळ्यांवर रोज सकाळी एक फेरी हवीच. ‘ईयूएस’ म्हणजे माशांचा व्रणरोग याच दिवसांत डोकं वर काढतो. भारतात तो 1988 साली शिरला. मूळ कारण पाण्यातली अफॅनोमायसिस ही बुरशी.

ओळख : मासा सुस्त होऊन वर तरंगतो, खाद्य सोडतो. आधी अंगावर लाल ठिपके, मग खोल जखमा. मरळ लवकर सापडते. कटला, मृगळही सुटत नाहीत.

काय करायचं :
• हिवाळ्याआधी एकरी साधारण 80 किलो चुना. सामू 8.5 च्या वर असेल तर टाकू नका.
• बोटुकली सोडण्याआधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ घालून मिनिटभर बुडवा.
• दुसऱ्या तळ्यावरून आलेलं जाळं धुऊन, उन्हात वाळवूनच वापरा.
• रोग दिसलाच तर भुवनेश्वरच्या ‘सिफा’ संस्थेचं सिफॅक्स औषध : एक हेक्टर तळ्यात मीटरभर पाणी असेल तर 1 लिटर.
• मेलेले मासे चुना टाकून खोल पुरा.

ओढ्यात फेकलेला मासा वेदगंगेत जातो आणि रोग खालच्या गावच्या आपल्याच भावाच्या तळ्यात पोचतो. म्हणून पहिला चट्टा दिसला की लगेच संस्थेत कळवा. आम्ही बघायला येतो.