आजचं चिंतन: सावध असणं म्हणजे नेमकं काय?

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥

आजचं वाचन: दासबोध, दशक ११, समास ५

मित्रांनो, या समासात समर्थ कामांचा क्रम लावून देतात. पहिली हरिकथा, दुसरं राजकारण, तिसरं सावधपण आणि चौथा साक्षेप, म्हणजे नेटाने केलेला प्रयत्न. आज आपण तिसऱ्यापाशी थांबू. सावध असणं म्हणजे सतत टेन्शनमध्ये असणं का? की "देव बघून घेईल" म्हणून शांत बसणं? मला वाटतं, दोन्ही नाही. दोन घटना पाहू, म्हणजे मुद्दा नीट कळेल.

१९ जून २०२२. पाटण्याहून दिल्लीला निघालेलं स्पाइसजेटचं बोइंग ७३७, आत १८५ प्रवासी. विमान जमीन सोडत असताना डाव्या इंजिनाला पक्षी धडकला असावा, अशी वैमानिकांना शंका आली. पण कॉकपिटमध्ये सगळं नॉर्मल दिसत होतं, म्हणून ते वर चढत राहिले. तेवढ्यात केबिन क्रूने कळवलं की त्या इंजिनातून ठिणग्या निघताहेत. कॅप्टन मोनिका खन्ना आणि फर्स्ट ऑफिसर बलप्रीतसिंग भाटिया यांनी ते इंजिन बंद केलं आणि उरलेल्या एका इंजिनावर विमान पाटण्यातच परत उतरवलं. सगळे सुखरूप. नंतरच्या तपासणीत इंजिनाच्या पंख्याची तीन पाती खराब झालेली निघाली.

दोन इंजिनांचं विमान एका इंजिनावर उडू शकतं, ते बनवतानाच तशी सोय केलेली असते. खरा धोका असतो घाईचा. म्हणून वैमानिकांना क्रम शिकवतात: आधी विमान उडवत राहा, मग दिशा बघा, मग बोला. इंजिन बंद करतानाही एकाने लिव्हरवर हात ठेवून "हेच ना?" असं विचारायचं, दुसऱ्याने खात्री करायची, आणि मगच पुढे जायचं.

आता दुसरी घटना. ८ जानेवारी १९८९, लंडनहून बेलफास्टला निघालेलं बोइंग ७३७. डाव्या इंजिनातलं पातं तुटलं. वैमानिकांनी बंद केलं ते उजवं, म्हणजे चांगलं इंजिन! योगायोगाने त्याच वेळी धूर आणि हादरे कमी झाले, त्यामुळे आपला निर्णय बरोबरच आहे असं त्यांना वाटलं. मधे एकदा कॅप्टनने घडलेलं सगळं पुन्हा तपासायला सुरुवात केली होती, पण रेडिओवर बोलणं आलं आणि ते तसंच राहिलं. उजव्या इंजिनात बिघाड आहे, अशी घोषणा झाली. डाव्या बाजूच्या ज्वाळा मागे काही प्रवाशांनी आणि क्रूनेही पाहिल्या होत्या. पण ती गोष्ट कॉकपिटपर्यंत कोणी पोचवली नाही. केगवर्थ गावाजवळ विमान कोसळलं. आत १२६ जण होते, त्यातले ४७ गेले.

हे वैमानिक आळशी नव्हते की बेफिकीर नव्हते. मग फरक कुठे पडला? पाटण्यात मागे दिसलेली गोष्ट पुढे पोचली आणि पुढच्यांनी ती मानली. केगवर्थमध्ये ती मागेच राहिली.

आपल्या आयटीवाल्यांना हे लगेच कळेल. डॅशबोर्ड सगळा हिरवा, पण युजर म्हणतोय ॲप चालत नाही. तेव्हा आपण युजरचं ऐकतो का? आणि मीटिंगमध्ये सगळ्यात ज्युनियर मुलीला चूक दिसली, तर ती बोलू शकते का? घरात आई म्हणते, "बाळा, तुझी तब्येत बरी दिसत नाही रे," तेव्हा आपण ऐकतो, की "मी ठीक आहे" म्हणून विषय संपवतो? माझ्या मते सावधपण म्हणजे हेच: मला सगळं दिसत नाही हे लक्षात ठेवणं, आणि ज्याला दिसतंय त्याला जागा देणं. अहंकार मोठा असेल तर सावधपण टिकत नाही. म्हणून हा कामाचा विषय आहे, तसाच साधनेचाही आहे.

मग नामस्मरणाचं काय? समर्थांनी स्थापन केलेले अकरा मारुती आठवा. सात सातारा जिल्ह्यात, शिराळा आणि बहे हे दोन सांगलीत, दोन कोल्हापुरात. त्यातल्या चाफळला एकाच ठिकाणी दोन मारुती आहेत. रामासमोर हात जोडून उभा असलेला दास मारुती, आणि देवळामागे वीर मारुती. मला वाटतं, आपलं उत्तर इथेच आहे. हात जोडले की मन स्थिर होतं. आणि स्थिर मनानेच योग्य लिव्हर ओळखता येतो. पण तो ओढायचा आपल्यालाच असतो, ते काम आपण देवावर ढकलायचं नाही.

आजच्या दिवसासाठी तीन छोट्या गोष्टी:

१. मोठा निर्णय घेण्याआधी तीन वेळा रामनाम घ्या, आणि मग "हेच ना?" असं कोणाला तरी विचारा.
२. तपासणी अर्धवट राहिली असेल, तर फोन झाल्यावर पुन्हा तिथूनच सुरू करा.
३. काही चुकतंय असं दिसलं, तर समोरचा कितीही मोठा असो, आदराने पण स्पष्ट सांगा.

उद्या चौथा मुद्दा, साक्षेप.

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥