यंत्राची लय

गणेशोत्सवांत आपल्या पुंडलिकनगरच्या रस्त्यावरून ढोलताशांचें पथक निघालें म्हणजे पुढच्या रांगेंतील ताशा आणि अगदीं मागचा ढोल ह्यांत सहज वीस-पंचवीस पावलांचें अंतर पडतें. ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो. तेव्हां १७ मीटर मागें असलेल्या वादकास ताशाचा आघात सेकंदाच्या विसाव्या भागाइतका उशिरां ऐकूं येतो. तो केवळ कानावर विसंबेल तर त्याचा ढोल तितकाच मागें पडेल. म्हणून जाणता वादक पुढाऱ्याच्या हाताकडे डोळे लावून असतो. अनेकांनीं एका लयींत वाजवावयाचें तर लय कोणी एकानें धरावी व इतरांनीं ती घ्यावी, हा नियम विजेवर चालणाऱ्या वाद्ययंत्रांसही चुकलेला नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, ज्या यंत्राविषयीं येथें लिहावयाचें आहे त्यास सीक्वेन्सर म्हणतात. बहुधा त्याच्या अंगावर सोळा कळांची एक ओळ असते. कोणत्या घरांत कोणता आघात किंवा स्वर यावा हें एकदां भरून ठेवलें कीं यंत्र तीं घरें क्रमानें चालत जातें, आणि शेवटास पोहोंचलें कीं पुन्हां पहिल्यावर येतें. आपल्या तालाच्या आवर्तनासारखेंच. मुलांच्या हट्टास्तव पालकांनीं घरीं आणलेल्या कित्येक कीबोर्डांतही त्याचें लहानसें रूप दडलेलें असतें.

पहिला आंकडा टेम्पोचा, म्हणजे लयीचा. १२० म्हणजे मिनिटास १२० मात्रा. एका मात्रेस अर्धा सेकंद. ही मोजणी युरोपांत मेट्रोनोममुळें रूढ झाली. त्याचें पेटंट १८१५ सालीं मेल्त्सेल ह्यानें घेतलें. मूळ युक्ति आम्स्टरडॅमच्या विंकेलची होती, आणि श्रेय भलत्याच्याच पदरीं पडलें. असो. आंकडा लावतांना घोटाळा होतो तो मात्रा कशास म्हणावें ह्याविषयीं. यंत्र आपल्या सोळा घरांच्या चार मात्रा धरतें; त्याच काळांत तबलजी केरव्याच्या आठ मोजतो. म्हणून तबलजीचे २४० ते यंत्राचे १२०. दादऱ्याच्या सहा मात्रा सोळा घरांत नीट बसत नाहींत. तेथें बारावें घर शेवटचें ठरवावें, म्हणजे दर मात्रेस दोन घरें येतात. विलंबित एकतालाचें आवर्तन मिनिटभर चालत असेल तर लय १२ ची झाली, आणि इतक्या खालीं पुष्कळ यंत्रें उतरतच नाहींत. अशा वेळीं प्रत्येक मात्रेचे चार भाग कल्पून ४८ लावावे. ख्याल रंगतां रंगतां गवई लय हळूहळू वाढवितो. यंत्राकडून ती वाढ आपणांसच करवून घ्यावी लागते, आणि तिचा कंटाळा केला तर गाणें निष्प्राण होतें.

दुसरा आंकडा स्विंगचा. मराठींत त्यास झोका म्हणूं. १२० च्या लयींत मात्रेचे दोन समान भाग केले तर प्रत्येक भाग सेकंदाच्या २५० सहस्रांशांचा होतो. ही स्थिति यंत्र ५० ह्या आंकड्यानें दाखवितें. ५८ केले तर पहिला भाग २९० व दुसरा २१०. ६६ केले तर ३३० व १७०, म्हणजे जवळजवळ दोनास एक. मात्रेचे आरंभ जागच्या जागीं राहतात. मधला आघात तेवढा उशिरां येतो. (कांहीं यंत्रांत हा झोका अर्ध्या मात्रांस लागतो, कांहींत पाव मात्रांस, हें आधीं पाहून घ्यावें.) रॉजर लिन ह्या अमेरिकन कारागिरानें १९८० च्या एलएम-१ ह्या तालयंत्रांत ही सोय घातली, आणि त्यानेंच आखलेल्या १९८८ च्या एमपीसी-६० ह्या यंत्रांत ती ५० पासून ७५ पर्यंत होती. आपल्या ढोलकीवाल्यास हा आंकडा विचाराल तर तो हंसेल. त्याचा झोका मनगटांत असतो, आणि एकाच लावणींत तो बदलतोही. यंत्रांत मात्र तो कानानें शोधावा: ठेका चालूं ठेवून ५० पासून एकेक आंकडा चढवावा, आणि पाय आपोआप हलूं लागले कीं थांबावें. द्रुत लयींत झोका कमीच बरा. नाहींतर ठेका लंगडूं लागतो.

आतां मेळाविषयीं. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत वादक म्हणून आयुष्य वेंचलेले चरणजित सिंग ह्यांनीं १९८२ सालीं ‘टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका काढली. तींत भैरव, ललित, यमन, मालकंस असे दहा राग आहेत, पण तबला नाहीं. ठेका रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ चा, खर्जाचे स्वर टीबी-३०३ चे, आणि राग ज्युपिटर-८ वर वाजविलेला. पहिल्या दोन यंत्रांस एक तार जोडतां येते. तींतून दर मात्रेस २४ ठोके, म्हणजे १२० च्या लयींत सेकंदास ४८, जातात, आणि त्या ठोक्यांच्या मोजणीनेंच दुसरें यंत्र पाऊल टाकतें. मुद्रिका तेव्हां फारशी खपली नाहीं. २०१० सालीं ती पुन्हां निघाली तेव्हां, शिकागोंत १९८७ सालीं गाजूं लागलेल्या नृत्यसंगीताशीं तिचें साम्य पाहून परदेशचे श्रोते चकित झाले. तें कौतुक पाहावयास चरणजित सिंग हयात होते. २०१५ सालीं ते निवर्तले.

१९८३ सालापासून निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांस मिडी ही समान भाषा मिळाली. तींतही मात्रेस २४ च ठोके असून आरंभ, विराम व पुढें चालूं अशा आज्ञाही जातात. मेळ लावतांना एकाच यंत्राचें घड्याळ ‘इंटर्नल’ ठेवावें आणि बाकी सर्वांचें ‘एक्स्टर्नल’. दोहोंचेंही इंटर्नल राहिलें, तर दोन्हींवर १२० दिसत असूनही त्यांच्या घड्याळांत हजारीं एकाचा फरक असल्यास तीन मिनिटांच्या गाण्याअखेर तीं सेकंदाच्या १८० सहस्रांशांनीं दुरावतात. मात्रेचा तिसऱ्याहून अधिक हिस्सा झाला हा! दोहोंचेंही एक्स्टर्नल राहिलें तर दोघेंही एकमेकांची वाट पाहत स्वस्थ बसतात, आणि भर संमेलनांत रंगमंचावर शांतता पसरते.

तारेंतून जाणारे हे ठोके समान अंतराचे असतात. झोका त्यांतून सहसा जात नाहीं. एका यंत्रावर ६२ आणि दुसऱ्यावर ५० असेल तर मात्रेच्या आरंभीं दोन्हीं एकत्र येतात, पण मधला आघात दुहेरी, अडखळल्यासारखा उमटतो. पुष्कळदां दोष तारेवर ठेवून ती बदलण्यांत येते, आणि आघात दुहेरी तो दुहेरीच. झोक्याचा आंकडा प्रत्येक यंत्रावर निराळा आणि सारखाच लावावा. मूळच्या टीआर-८०८ वर ही सोयच नव्हती, तेव्हां तसलें जुनें यंत्र मेळांत असेल तर बाकीच्यांनीं ५० वर यावें.