लाल ठिपका आणि छर्ऱ्याची वाट

रेड डॉट साइट एअरसॉफ्ट रायफलीवर बसवली, बटण दाबलं, काचेत लाल ठिपका उमटला. आता ठिपका ठेवू तिथेच छर्रा लागणार, असं वाटणं साहजिक आहे. पण ठिपक्याला नळीची दिशा कुठे माहीत असते? ती ओळख आपण करून द्यायची. यालाच साइट ‘झिरो करणं’ म्हणतात. घरातल्या मुलाला किंवा मुलीला या खेळाचं वेड असेल, तर एखाद्या शनिवारी सोबत बसून हे करून बघा.

ठिपका असतो कुठे?

साइटमध्ये एक छोटा एलईडी असतो. समोरची काच किंचित अंतर्वक्र असते. तिच्यावरचा पातळ थर मुख्यतः लाल प्रकाश परतवतो, बाकीचा आरपार येऊ देतो. एलईडी या आरशाच्या नाभीवर असल्याने परतलेले किरण समांतर होतात आणि ठिपका खूप दूर असल्यासारखा दिसतो. म्हणून डोळा थोडा सरकला, तरी ठिपका लक्ष्यावरून फारसा हलत नाही. आयर्लंडच्या हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली या तत्त्वाची साइट मांडली. एलईडीवर चालणारी साइट स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये बाजारात आणली.

आधी हॉप-अप, मग साइट

०.२० ग्रॅमचा छर्रा १ ज्यूल ऊर्जेने सुटला, तर त्याचा वेग सेकंदाला १०० मीटर भरतो. हवेचा विरोध सोडून दिला, तरी ३० मीटर जायला ०.३ सेकंद लागतात आणि तेवढ्यात छर्रा ४४ सेंटिमीटर खाली येतो. प्रत्यक्षात हवा त्याला रोखते, म्हणजे तो आणखी खाली येणार.

हे टाळायला नळीत हॉप-अपचं रबर असतं. ते छर्ऱ्याला वरून घासून उलटी फिरकी देतं. फिरता छर्रा हवा खाली ढकलतो आणि स्वतः वर उचलला जातो. हाच मॅग्नस परिणाम. टेबल टेनिसमध्ये चेंडू खालून कापला की तो तरंगत जातो, तसंच हे. हॉप-अप बदललं की छर्ऱ्याची वाट बदलते. म्हणून जो छर्रा खेळात वापरणार, त्याच वजनाचा घ्या आणि तो सरळ जाईपर्यंत हॉप-अप जुळवा. त्यानंतरच साइटला हात लावा. छर्ऱ्याचं वजन बदललं, तर हे सगळं पुन्हा करायचं.

झिरो करताना

१. साइट रेलवर घट्ट बसवा. ती हलत असेल, तर पुढची मेहनत वाया.

२. ३० मीटरवर मोठा कागद लावा. रायफल पिशवीवर टेकवा.

३. कागदाच्या मध्यावर ठिपका ठेवून १० छर्रे एक-एक करून मारा. मध्ये स्क्रू फिरवू नका.

४. सगळ्या भोकांचा मध्य अंदाजाने काढा. एकाच छर्ऱ्यावरून निर्णय घेऊ नका.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची. छर्रे एकाच ठिकाणी न लागता पसरतात, ती यादृच्छिक त्रुटी. पसाऱ्याचा मध्यच बाजूला असणं, ही पद्धतशीर त्रुटी. साइट फक्त दुसरी दुरुस्त करते. प्रत्येक छर्ऱ्यामागे स्क्रू फिरवणारा माणूस पसाऱ्याचाच पाठलाग करत राहतो.

५. आता हिशोब. स्क्रूची एक टिकटिक बहुधा १ एमओए असते, म्हणजे अंशाचा साठावा भाग. आपल्या पंचांगातली ‘कला’. ३० मीटरवर एक कला म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. मध्य ९ सेंटिमीटर डावीकडे असेल, तर उजवीकडे १० टिकटिका. टिकटिक अर्ध्या कलेची असेल, तर २०.

स्क्रूवरचा बाण सहसा छर्रा कुठे सरकेल ते सांगतो. काचेतला ठिपका मात्र उलट, डावीकडे जातो. गोंधळू नका. डावीकडे गेलेला ठिपका पुन्हा लक्ष्यावर आणायला तुम्ही रायफल उजवीकडे वळवता, म्हणून छर्रा उजवीकडे जातो.

६. पुन्हा १० छर्रे मारून खात्री करा.

जवळचा धोका

साइट नळीपेक्षा सुमारे ६ सेंटिमीटर उंच असते. ३० मीटरवर झिरो केलेल्या रायफलीचा छर्रा ३ मीटरवर ठिपक्याच्या ५ सेंटिमीटरहून जास्त खाली लागतो. भिंतीआडून डोकावताना ठिपका मोकळ्या जागेत दिसतो, पण नळीसमोर भिंतीचा काठ असतो. छर्रा त्यावर आपटतो आणि उलटून तुमच्याच तोंडावर येऊ शकतो.

म्हणून कागदावर मारतानाही एअरसॉफ्टसाठी बनवलेला, आघात सोसणारा चष्मा घातलाच पाहिजे. शेजारी बसून भोकं मोजणाऱ्यानेही. आणि हे सगळं खेळाच्या मैदानावर करा, घराच्या अंगणात नको. कुंपणापलीकडून पाहणाऱ्याला ती खेळण्यातली रायफल आहे, हे कळत नाही. ने-आण करताना ती पिशवीत बंद ठेवा.