‘त्यांस’ म्हणजे कोणास?

वाचकांनी प्रथम उत्पत्ति १:२८ काढावे. देवाने आदामास सत्ता दिली व तीच राजांकडे वारशाने आली, असे इंग्लंडातील रॉबर्ट फिल्मर ह्यांचे मत. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मागे १६८० साली छापला गेला. जॉन लॉक ह्यांनी १६८९ साली शास्त्रातूनच उत्तर दिले: अधिकार ‘त्यांस’ दिला, म्हणजे हव्वेसही. सर्व माणसे देवाची हस्तकृती. म्हणून राज्यसत्तेस प्रजेची संमती पाहिजे. एका सर्वनामावर केवढा वाद!

परंतु आम्हांस हेही सांगणे प्राप्त आहे. कॅरोलायना वसाहतीच्या १६६९ च्या राज्यघटनेच्या लेखनात लॉक ह्यांचा हात होता. तीत गुलामास मंडळीत येण्याची मोकळीक होती. त्याजवरील धन्याची सत्ता मात्र तशीच ठेविली होती.