कपाटाबाहेरची पुस्तके : शिक्षक व शालेय ग्रंथपालांसाठी काही नवी-जुनी साधने

महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेली 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस' ही खंडमाला आमच्या निवासी शाळेच्या ग्रंथालयात पुष्कळ वर्षे काचेच्या कपाटात होती. माजी विद्यार्थ्यांनी ती मोठ्या श्रद्धेने आणून दिली होती. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या दोन दिवशी कपाट पुसले जाई, त्याला हार घातला जाई आणि पुन्हा कुलूप लागे. ग्रंथालयाची फेरमांडणी करताना आम्ही ते खंड बाहेर काढले, तेव्हा काहींची पाने कडांना एकमेकांस चिकटलेली आढळली. ती कधी उघडली गेलीच नव्हती. त्या दुपारी आम्हां शिक्षकांपैकी कोणी फारसे बोलले नाही.

त्याच सुमारास माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात एका गृहस्थांनी आम्हांला एक जुनी हकिगत ऐकवली. सातवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी ग्रंथालयातले एक पुस्तक घरी नेले होते. अवेळी पाऊस आला, छप्पर गळत होते, पुस्तक भिजले. परतल्यावर नियमाप्रमाणे दंड सांगण्यात आला. "घरी दंड मागण्याची सोय नव्हती, म्हणून पुढची तीन वर्षे मी ग्रंथालयाच्या दारातून आत आलो नाही," असे ते हसत म्हणाले. दंड सांगणारे आमच्यापैकीच एक होते आणि त्यांनी नियमाबाहेर काहीही केले नव्हते. दोष नियमात होता, आणि तो नियम आम्हीच केला होता.

या दोन प्रसंगांनंतर आम्ही जे वाचले, शोधले आणि थोडेफार करून पाहिले, ते माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे ठेवावे या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

प्रारंभ डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांच्यापासून केला. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल असताना १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ वापरासाठी आहेत, हे पहिले सूत्र. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, ही पुढची दोन. चौथे वाचकाच्या वेळेची बचत करण्याविषयी आहे, तर ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हे पाचवे. ग्रंथपालनाच्या अभ्यासक्रमात ही सूत्रे सर्वजण पाठ करतात. आमच्यापैकी काहींनीही केली होती. पण पहिल्याच सूत्राला आमचे कपाट उतरले नव्हते. मध्ययुगीन युरोपात ग्रंथ साखळीने फळीला बांधून ठेवीत असत. आमच्याकडे साखळीची जागा आदराने घेतली होती, एवढाच फरक.

येथे एक शंका रास्तपणे घेतली जाईल. ज्यांच्या आज्यापणज्यांना अक्षराचा स्पर्शही वर्ज्य होता, त्यांनी ग्रंथाला हार घातला तर त्यात वावगे काय? वावगे काहीच नाही. परंतु राजगृह हे घर उभारताना ज्यांनी ग्रंथांच्या जागेचा विचार आधी केला आणि आयुष्यभर पुस्तकांच्या समासात खुणा करीत वाचन केले, त्यांचे ग्रंथ न वाचता पुसून ठेवणे त्यांना कितपत रुचले असते, हे ज्याने त्याने आपल्याशी विचारावे.

आता त्या खंडांकडे वळू. वसंत मून यांच्या संपादनाखाली पहिला खंड १९७९ साली निघाला. शाळेत हे खंड ठेवण्यातली मोठी अडचण भाषेची आहे, कारण बहुतेक लेखन इंग्रजीत आहे. तथापि अठराव्या खंडाच्या तिन्ही भागांत बाबासाहेबांची मराठी भाषणे आहेत आणि नववी-दहावीचे विद्यार्थी ती स्वतः वाचू शकतात. सोळावा खंड पाली व्याकरण आणि कोशाचा आहे. पाली शिकवणाऱ्या शिक्षकाच्या तो रोज हाताशी असावा. आमच्याकडे तो सर्वांत वरच्या फळीवर होता. 'बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ अकराव्या खंडात आहे. त्याचे मराठी भाषांतर करणाऱ्यांत घनश्याम तळवटकर आणि म. भि. चिटणीस यांच्यासोबत शां. शं. रेगे यांचे नाव आहे. रेगे सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल होते. ग्रंथपाल म्हणजे किल्ल्या सांभाळणारा कारकून, असा समज आपल्या शाळांतून अजून गेलेला नाही, म्हणून हे नाव मुद्दाम घेतले.

फेरमांडणीत आमच्या ध्यानात आलेली सर्वांत महत्त्वाची चूक वर्गीकरणाची होती. बाबासाहेबांचे आणि बाबासाहेबांविषयीचे सर्व ग्रंथ आम्ही एका कपाटात, एकाच निळ्या चिठ्ठीखाली ठेवले होते. वरवर पाहता ही सोय वाटते. पण तिचा परिणाम उलटा होतो. अर्थशास्त्राची फळी चाळणाऱ्या मुलीला 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा १९२३ चा प्रबंध तेथे दिसत नाही, कारण तो सहाव्या खंडात आहे आणि सहावा खंड निळ्या कपाटात. संविधानाच्या फळीवर तेरावा खंड नसतो, समाजशास्त्राच्या फळीवर पहिला नसतो. या माणसाने केवळ आपल्यासाठी लिहिले, अर्थशास्त्रासाठी किंवा कायद्यासाठी नव्हे, असे आपणच नकळत मुलांना शिकवतो. ड्यूई यांच्या दशांश वर्गीकरणात बौद्ध धर्माला २९४.३ हा क्रमांक आहे, अर्थशास्त्राला ३३०. खंडमाला तोडून निरनिराळ्या फळ्यांवर विखुरणे आम्हांलाही पटले नाही. मग आम्ही पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या, पुस्तकाच्या उंचीच्या, आणि त्या त्या विषयाच्या फळीवर उभ्या केल्या. पट्टीवर लिहिले : 'या विषयावर बाबासाहेबांचा ग्रंथ आहे, खंड ६, खिडकीजवळची फळी.' खर्च जवळजवळ शून्य. कोणत्याही शाळेला हे एका दुपारी करता येईल.

लहान मुलांसाठी मात्र खंड नव्हेत, त्यांतला एखादा तुकडा हवा. बाराव्या खंडातील 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनाचा पहिला प्रसंग आम्ही सहावीच्या वर्गात मराठीत सांगत-वाचत घेतला. वडिलांना भेटण्यास निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात, नेण्यास कोणी आलेले नसते, जात कळताच गाडीवान मिळेनासा होतो आणि पुढचा बैलगाडीचा प्रवास पाण्यावाचून होतो. हीच घटना 'भीमायन' या २०११ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या चित्रग्रंथात दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी रेखाटली आहे. तिथे चौकटी नाहीत. माणसे, पक्षी, पाणी एकमेकांत वाहत जातात. आम्ही आधी चित्रे दाखवली आणि मागाहून प्रसंग सांगितला. एका मुलाने विचारले, "सर, त्यांना शेवटी पाणी कोणी दिलं?" उत्तर देण्याची घाई आम्ही केली नाही. पुस्तक त्याच्या हाती दिले.

आमच्या मुलांना स्वतःसारखी मुले पुस्तकांत क्वचितच भेटतात, ही तक्रार नवी नाही. हैदराबादच्या 'अन्वेषी' या स्त्री-अभ्यास केंद्राने २००८ साली 'डिफरंट टेल्स' ही मालिका काढली. तेलुगू, मल्याळम आणि इंग्रजी या भाषांतून निघालेल्या या गोष्टींत दलित, मुस्लिम, कष्टकरी घरांतली मुले नायक-नायिका आहेत, आणि त्यांची दया येईल अशी मांडणी कुठे नाही. मराठीत अशा चित्रपुस्तकांची अजून फार वानवा आहे. मराठीतले जे उत्तम आहे तेही अर्थात घ्यावेच. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेले 'वाचू आनंदे'चे भाग भाषाशिक्षकाला वर्षभर पुरतात. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक आंतरजालावर विनामूल्य उपलब्ध आहेत. वसतिगृहात रविवारची दुपार फार लांब असते. छापून काढलेल्या जुन्या 'किशोर'च्या गोष्टींनी ती बरीच आटोक्यात येते, हा आमच्या गृहपालांचा अनुभव आहे.

शिक्षकांच्या स्वतःच्या वाचनाविषयी लिहिताना थोडा संकोच वाटतो. आम्ही मुलांना वाचा म्हणतो आणि स्वतः परिपत्रके वाचतो. म्हणून महिन्यातून एका शनिवारी, मुलांची अभ्यासिका सुटल्यावर, एकत्र बसून वाचावयाचे ठरवले. पहिले पुस्तक गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न'. मूळ गुजराती; मराठीत सहज मिळते. त्यातील शिक्षक चौथीचा वर्ग हाती घेतो, प्रथम नुसत्या गोष्टी सांगतो, आणि सर्वांनी तीच पाठ्यपुस्तके विकत घेण्याऐवजी त्या पैशांतून वर्गाचे ग्रंथालय उभे करतो. आमच्यातील काहींना हे स्वप्नरंजन वाटले. चर्चा लांबली, चहा दोनदा झाला.

दुसरे पुस्तक अधिक बोचरे होते. इटलीतील बार्बियाना या डोंगराळ खेड्यात लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूंनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवली. तेथील आठ मुलांनी मिळून नापास करणाऱ्या शिक्षिकेला उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले. ते १९६७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. मराठीत ते 'प्रिय बाई' या नावाने आले आहे. गरिबांची मुले शाळेतून गळतात की गाळली जातात, हा त्या मुलांचा प्रश्न आहे आणि तो ती आकडेवारीनिशी विचारतात. लेखनाची त्यांची रीतही शिकण्याजोगी : प्रत्येकाने आपले विचार सुट्या कागदांवर टिपायचे, मग सर्वांनी ते कागद एकत्र मांडून क्रम लावायचा आणि अनावश्यक शब्द गाळायचे. नववीच्या मुलांकडून 'आमचे वसतिगृह' हा निबंध आम्ही याच रीतीने लिहून घेतला. त्यात आमटीविषयी जे लिहिले होते, ते संस्थेच्या कार्यकारिणीपर्यंत पोचले.

मात्र अशा लेखनासाठी इटलीपर्यंत जाण्याची गरज नाही, हेही त्या चर्चेत निघाले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. ते विद्यार्थिनीचेच लेखन आहे, आणि प्रश्न विचारण्यात बार्बियानाच्या मुलांहून तसूभरही कमी नाही. शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' हे तर एका शिक्षिकेचे आत्मकथन. शिक्षक-प्रशिक्षणाच्या वाचनयादीत ही दोन नावे आम्हांला आमच्या काळी दिसली नव्हती.

संगणकावरील साधनांविषयी थोडक्यात. 'दीक्षा' हे केंद्र शासनाचे व्यासपीठ २०१७ पासून चालू आहे, आणि पाठ्यपुस्तकांतील चौकोनी सांकेतिक चिन्हे त्याच्याशी जोडलेली असतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठीसह अनेक भाषांतील चित्रकथा मुक्त परवान्याने मिळतात. त्या छापता येतात, भाषांतरित करता येतात, नव्याने रचताही येतात. 'डिफरंट टेल्स'च्या बाबतीत जी उणीव सांगितली, ती भरून काढण्याचे साधन कदाचित येथेच आहे. संपूर्ण पाली तिपिटक देवनागरी लिपीत इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने आंतरजालावर ठेवले आहे. मराठी विश्वकोशही तेथे खुला आहे. आमच्याकडे वीज आणि जोडणी दोन्ही लहरी असल्याने, चालू असेल त्या दिवशी उतरवून, छापून, शिवून ठेवणे हाच मार्ग उरतो. ज्या शाळांत मुलांना दूरध्वनी वापरण्यास बंदी आहे, तिथेही हे चालते.

ग्रंथदानाविषयी एक विनंती. आपण प्रेमाने पाठवलेल्या खोक्यांत स्पर्धा परीक्षांची कालबाह्य मार्गदर्शके, जुन्या अभ्यासक्रमाची व्यवसायपुस्तके आणि एकाच चरित्राच्या अनेक प्रती येतात. ती नाकारताना आम्हांला जड जाते, आणि ठेवली तर फळी भरते पण वाचक येत नाही. त्याऐवजी ग्रंथपालांकडे हव्या असलेल्या पुस्तकांची वही आहे. मुले तीत स्वतः नावे लिहितात. देणगीपूर्वी ती वही पाहावी. तीत सध्या क्रिकेटवरील पुस्तके, भुतांच्या गोष्टी, मोटार दुरुस्ती आणि 'वेटिंग फॉर अ व्हिसा'चे सोपे मराठी रूप, अशी मागणी आहे.

दंड आम्ही बंद केला आहे. भिजलेले, फाटलेले पुस्तक घेऊन येणाऱ्या मुलाने शनिवारी ग्रंथपालांसोबत बसून ते चिकटवावे, शिवावे, एवढाच नियम उरला आहे. खळ आणि जाड दोरा खिडकीजवळच्या खणात असतो. मेळाव्यातील त्या गृहस्थांनी भिजलेल्या पुस्तकाची नवी प्रत आणून दिली. दाखल-नोंदवहीत जुन्या प्रतीपुढे 'हरवले' असा शेरा होता. तो खोडून तेथे 'परत आले' असे ग्रंथपालांनी लिहिले.